दोघांत मिळून एक

"हाही जड आहे," ठकीचा बाप म्हणाला आणि त्याने हातातला कॅमेरा पुन्हा काउंटरवर ठेवला.

ठकीच्या आईने डोळे मिटून घेतले. आधीच उशिरा उगवला. आल्यावर त्याबद्दल एक चकार शब्द नाही, उलट दुकानदाराशी जुनी ओळख असल्यासारख्या गप्पा हाणत बसला. आणि आता समोर येईल तो कॅमेरा उजव्या हातात धरायचा, हात लांब करायचा, मनगट इकडून तिकडे वळवायचं आणि नाक मुरडायचं, एवढंच चाललं होतं.

"अरे, कॅमेरा घेतोयस की कलिंगड?"

"बघू तर दे."

"काय बघायचंय? मी सगळं बघून आलेय."

ती खरोखरच बघून आली होती. औषधांच्या दुकानात काम करणारी बाई; गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचतात तसं तिने कॅमेऱ्यांचं सगळं वाचून काढलं होतं. पक्षी लांब बसतात, म्हणजे पैसे लेन्समध्ये घालायचे. पहाटे उजेड कमी, म्हणजे अंधुकात नीट चालणारा हवा. तळ्याकाठी ओल, म्हणजे आत पाणी न शिरणारा हवा. आणि हे सगळं दोघांना परवडेल एवढ्यात. असा एकच होता, वापरलेला पण दणकट, आणि याने तो पहिल्या फटक्यात नाकारला होता.

दोघं वेगळी झाली तेव्हा ठकी शाळेत होती. तेव्हापासून तिला सगळं दोन-दोन मिळत आलं होतं. दोन केक, दोन दप्तरं, एका वर्षी तर दोन सायकली. आता ती एका दूरच्या तळ्यावर पक्ष्यांच्या अभ्यासाला वर्षभर निघाली होती. काय देऊ म्हणून दोघांनी वेगवेगळं विचारलं, तर दोघांना तिने एकच उत्तर दिलं, "कॅमेरा द्या. पण एकच. दोघांत मिळून."

"ताई, तुम्ही घरी बसून नीट बोलून घ्या ना," दुकानदार म्हणाला. "सावकाश या परत."

"आमचं घर एक नाही," ती म्हणाली. "तो पहिलाच घ्यायचा. बांधा."

"तिला नाही झेपणार," ठकीचा बाप म्हणाला.

"घोडी झालीय ती! तिला नाही झेपणार तर काय तुला झेपणार?"

"तिचं मनगट, अगं. उजवं. सायकलवरून पडली होती ते."

"तू दिलेल्या सायकलवरून!"

"हो. मी दिलेल्याच."

"पण ते केव्हाच बरं झालं," ती म्हणाली. "प्लास्टर काढायला मीच गेले होते."

"बरं झालं, पण पूर्ण वळत नाही. जड काही धरलं की थोड्या वेळाने थरथरायला लागतं. बरणीचं झाकण ती डाव्या हाताने उघडते. तू पाहिलं नाहीस?"

तिने पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. ठकी पाण्याचा जगसुद्धा डाव्या हाताने उचलायची, आणि पाणी सांडलं की ही ओरडायची, उजव्या हाताने घेता येत नाही का म्हणून.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"दुसऱ्या दिवशी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं असतंस."

"नेलंच असतं! आणि तू? तुला तोंड नव्हतं?"

"तू माझा फोन उचलतेस?"

दुकानदार स्वच्छ काच पुन्हा पुसायला लागला. मग हळूच म्हणाला, "मोठ्या लेन्सला खालून डावा हात लावायचा असतो, ताई. उजव्याकडे नुसती बॉडी आणि बटण. बॉडी हलकी घेतलीत तर निभेल. पाण्यासाठी वरून घालायचं आवरण मिळतं."

त्याने आतून एक लहानसा कॅमेरा आणला. ठकीच्या बापाने हात पुढे केला, पण त्याच्या आधी तिने तो उचलला. हात लांब केला. मनगट इकडे वळवलं, तिकडे वळवलं. बराच वेळ तशीच धरून उभी राहिली. मग त्याच्या हातात दिला. त्यानेही वळवून पाहिला आणि नाक मुरडलं नाही.

"तिला एक सांगून ठेवा," दुकानदार म्हणाला. त्याने एक साधी लेन्स लावली, कार्ड सरकवलं आणि मागे सरकून दोघांकडे कॅमेरा रोखला. दोघं काउंटरच्या दोन टोकांना उभी होती. खट्. मग त्याने कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा त्यांच्यापुढे धरला.

मागच्या फळीवरची खोकी लख्ख दिसत होती, त्यांच्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. अलीकडे उभी असलेली ती दोघं मात्र पुसट, धुरकट.

"हे बघा. मधला ठिपका ज्याच्यावर पडतो तेच नीट येतं. तुमच्या मधे जागा होती, म्हणून याने मागचं धरलं. नव्या माणसाचं पहिल्या दिवशी हमखास हेच होतं." त्याने बटणाकडे अंगठा नेला. "हा फोटो खराब आलाय, पुसतो. जरा जवळ उभे राहा, नीट काढून दाखवतो."

"दाखवायला नको, कळलं," ती म्हणाली. तिने पडदा स्वतःकडे वळवून घेतला. ठकीचा बापही वाकून बघत होता.

"पुसू नका," ती म्हणाली. "कार्ड आतच राहू दे, ठकीसाठी."

"ताई, कार्ड दुकानाचं आहे."

"मग तेही बिलात धरा."