दुसरा साक्षीदार

"आता तुझी सही," ताइस्तो म्हणाला आणि त्याने पेन मारितपुढे धरलं.

मारितने ते घेतलं नाही. रेइनोच्या गोळ्या डबीत भरत ती तशीच उभी राहिली.

पलंगावर रेइनो कासावीस झाला. चाळीस वर्षांपूर्वी फिनलंड सोडून तो स्पेनच्या उन्हात येऊन राहिला. आता पाय गेले होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तिकडे फिनलंडमध्ये निवडणूक तोंडावर आलेली. इथल्या फिनिश लोकांसाठी मतदानाची सोय खाली चौकातच होती, पण पाचव्या मजल्यावरून त्याला उतरवणार कोण? म्हणून टपालाने मत. त्याला दोन साक्षीदार लागतात, आणि ते घरचे चालत नाहीत. बायको, आईबाप, भावंडं, मुलं, कुणीच नाही.

शेजारचा ताइस्तो एका हाकेत आला होता. इमारतीतली बाकीची फिनिश मंडळी उन्हाळा येताच गावी परतलेली. उरली रोज येणारी नर्स मारित. वर्षभर तिने म्हाताऱ्याचं सगळं केलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या, गावाकडच्यासारखी राय धान्याची पेज शिजवून भरवली. मघाशी रेइनोने मत लिहिलं तेव्हा दोघांनी मुकाट्याने पाठही फिरवली. मग सहीलाच काय झालं?

मतदान रेइनोने कधी मनावर घेतलं नव्हतं. यंदा मात्र त्याच्या जिल्ह्यातून तुइया केर्केला उभी होती. त्याची तुइया. ती पाच वर्षांची असताना तो तिला आणि तिच्या आईला टाकून दुसरीबरोबर निघून आला. नंतर ना फोन, ना वाढदिवसाला कार्ड. आता मरायला टेकल्यावर त्याला त्याची लाज वाटत होती.

पेपरातला तिचा फोटो उशाशीच असायचा. "नाक बघ, हुबेहूब तुझं," असं ताइस्तो म्हणाला, तेव्हा म्हातारा दोन दिवस हवेत होता. मारितलाही त्याने फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि चादर बदलायला घेतली.

"तुझा पक्ष दुसरा असेल, म्हणून अडवतेस का गं?" ताइस्तोने टोमणा मारला. आजचं टपाल चुकलं की संपलं, हेही त्याने बजावलं.

"एका मताने काय होणार आहे?" मारित रेइनोला म्हणाली. "तुम्ही दिलंत हे तिला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना." रेइनो म्हणाला. "बापाने तिच्यासाठी केलेली एक तरी गोष्ट. दुसरं काय राहिलंय माझ्याकडे द्यायला?"

"फोन करा तिला."

"कुठल्या तोंडाने? समोर आली तर लाखात ओळखीन मी, पोटचं पोर आहे. पण ती कशाला येते? अगं, कर की सही. हात जोडतो तुला."

त्याने खरंच हात जोडले. मारितने खाली बघत सही केली आणि ताइस्तो लिफाफा घेऊन टपालात टाकायला धावला.

रेइनोने डोळे मिटले. कितीतरी वर्षांनी त्याला हलकं वाटत होतं. त्याला झोप लागली असं समजून मारित गच्चीत गेली आणि तिने गावी फोन लावला. दार उघडंच होतं.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "आपल्याकडे ती दुसरी तुइया केर्केला उभी आहे ना, माझ्याच नावाची, ती मीच असं धरून बसलेत बाबा. इथे मी मारित हे मधलंच नाव लावते, त्यांना कसं कळावं? आज तिला मत दिलं त्यांनी. आणि मी सही करून दिली, की मी त्यांची कुणी नाही."