वायरीचं दुसरं टोक

दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत होती. अलीकडे थोरला भाऊ जुने, वायरीने एकमेकांना जोडायचे हातातले व्हिडिओ गेम दुरुस्त करी. पलीकडे धाकटा नवे, बिनवायरीचे. वाटणीपासून दोघांमधून विस्तवही जात नव्हता.

त्या दुपारी थोरल्याने एक दुरुस्त गेम चालू केला, तर त्याच्या पैलवानासमोर दुसरा पैलवान येऊन उभा राहिला. दुसऱ्याशी खेळायची वायर लावलेली होती खरी, पण तिचं दुसरं टोक टेबलाखाली मोकळं लोंबत होतं.

“चाळे बंद कर तुझे!” थोरल्याने भिंतीवर बुक्की हाणली.

“गेम तुझा, वायर तुझी. माझ्या नावाने कशाला बोंबलतोस?”

थोरल्याचा पैलवान आडवा झाला. खेळ तिथेच संपायला हवा होता. पण दुसरा त्याला तुडवतच राहिला. सावकाश, अगदी मन लावून. टक. टक. टक.

थोरल्याने हिसडा मारून वायर उपटली. दुसरा पैलवान नाहीसा झाला.

मग भिंतीपलीकडे एकेक नवा गेम आपोआप चालू होत गेला. तोच ठेका. जुन्यात नुसती टकटक होती. नव्यांत हाडं मोडताना ऐकू येत होती.

कित्येक वर्षांत पहिल्यांदाच धाकट्याच्या तोंडून हाक आली.

“दादा... ह्यांची वायर कुठून उपटू रे?”