हॉलिस मास्तरांनंतरची शांतता

महादेव गावडेचा मुलगा ऋत्विक शाळेत हरवला. पण संध्याकाळी तोच मुलगा स्कूलबसमधून सनद भागातल्या घरापाशी वेळेवर उतरला, टाय सरळ, डबा हातात. तेव्हा तसं काही घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ.

शाळा बहारीनमध्ये, बुदैयाच्या हायवेवर. मूळ शाळा इंग्लंडात, चारशे वर्षांची. इथली शाखा ऋत्विकपेक्षाही लहान. त्यामुळे परंपरा बोटीनं मागवाव्या लागल्या. त्यातली सर्वांत जड परंपरा, एक संगमरवरी पाटी, मीना सलमान बंदरातून महादेवनंच आपल्या ट्रकनं आणून दिली. पाटीवर जुन्या लढाईत गेलेल्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या एका मास्तरांची नावं कोरली होती. कस्टमच्या कागदावर मात्र 'दगड, वापरलेला' एवढंच होतं. त्या निमित्तानं मुख्याध्यापकांशी ओळख झाली आणि ऋत्विकला सातवीत जागा मिळाली.

रोज सकाळी सभागृहात ती नावं पुकारत. मेलेल्या मुलाची गैरहजेरी लागू नये म्हणून प्रत्येक नावाला एक जिवंत मुलगा उभा राहून "प्रेझेंट, सर" म्हणायचा. ऋत्विकच्या वाट्याला कुणी एडविन आला. शेवटचं नाव हॉलिस मास्तरांचं. मास्तरांच्या वतीनं पोरानं बोलणं उद्धटपणाचं, म्हणून तिथे नुसती शांतता पाळत.

पहिल्या हजेरीपासूनच ऋत्विक मराठी बोलेनासा झाला. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. बिल्डिंगमधली सगळीच मराठी पोरं आईबापांना इंग्रजीत उत्तरं देत. गावड्यांचाच तेवढा मागे राहिला होता. त्याच्या आईनं, अश्विनीनं, शेजारी पेढे वाटले. ताटातल्या बांगड्याला तो हात लावेना, उकडलेला बटाटा मागू लागला. बापाला "सर" म्हणू लागला. एसीकडे बघून खिडकी कुणी उघडी ठेवली म्हणून विचारायचा. बुटांतून रोज ओला चिखल निघायचा. बहारीनमध्ये चिखल सहजासहजी मिळत नाही, पण शाळा भारी होती. तिथे मिळत असेल. महादेवनं गावी फोन करून सांगितलं, पोरगा एकदम साहेब झाला.

मग एका शुक्रवारी जेवताना त्या मुलानं चमचा खाली ठेवला आणि तो अश्विनीला इंग्रजीत, फार अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुमचा मुलगा रोज सकाळी रडतो. त्याचं नाव पाटीवर नाही ना. त्याला कुणी पुकारतच नाही."

अश्विनीला हसायचं होतं. जमलं नाही. "अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "ह्यो आपलो झील नाय."

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, महादेव शाळेत गेला. रिसेप्शनवरच्या सुमय्यानं सगळं ऐकून घेतलं. तिला नवल वाटलं नाही. अशा तक्रारी दर टर्मला येतात, पण मुलाचं इंग्रजी सुधारलेलं असतं म्हणून पालकच त्या मागे घेतात, असं ती म्हणाली. नाव पुकारलं गेलं आणि कुणी 'हजर' म्हटलं, की नाववाला बाहेर येतो, बोलणारा आत जातो. परत करायची परंपरा नाही. "मफी, नाही होत, भाईसाब. खलास."

मग तिनं आवाज उतरवला. हजेरी चालू असेल तोवर दगड ऐकतो. बापानं तेव्हा मुलाचं नाव पुकारलं आणि मुलानं आतून 'मी आहे' म्हटलं, तर सुटतोही. भाषा कुठलीही चालते. दगडाला भाषेचं काही नाही, ते शाळेचं.

सोमवारी महादेव पालकांच्या पहिल्या रांगेत बसला. अश्विनी बाहेर ट्रकमध्ये थांबली. नावं सुरू झाली. पोरं उठत होती, बसत होती. एडविनच्या नावाला महादेवनं तोंड उघडेपर्यंत तो मुलगा "प्रेझेंट, सर" म्हणून मोकळा झाला आणि संधी गेली. अखेर मुख्याध्यापकांनी हॉलिस मास्तरांचं नाव पुकारलं. शांतता झाली.

"ऋत्विक!" महादेवनं हाक मारली.

विहिरीच्या तळातून यावा तसा पाटीतून आवाज आला. "बाबा? बाबानू, तुमी खंय आसात?"

पोरानं अशी हाक मारली की कोकणातला बाप विचार करत बसत नाही. महादेवही बसला नाही.

"मी हय आसंय रे, बाळा."

लगेच एक थंडगार हात त्याच्या हातात आला. ऋत्विकचाच. महादेवनं त्याला उराशी घट्ट धरलं. सापडला. मग डोळे पुसून त्यानं सभागृहाकडे पाहिलं. पहिल्या रांगेत महादेव गावडे बसला होता, पाठ मास्तरांसारखी ताठ, आणि खिशातून निघालेली ट्रकची किल्ली कशाची असावी म्हणून निरखत होता.

तरी माननीय मुख्याध्यापकांस नम्र विनंती की, उद्याच्या हजेरीत पुढील दोन नावे एकवार पुकारण्यात यावीत: ऋत्विक महादेव गावडे आणि महादेव गुंडू गावडे. अर्जदार हजर आहेत.