फळा पुसायचं फडकं

मोरोपंतांनी कालचा फळा पुसला आणि फडकं खांद्यावर टाकलं. अमरावतीच्या वाचनालयाच्या भिंतीवर रोज सकाळी बातम्या लिहायच्या हा त्यांचा पेन्शनीतला उद्योग: कापसाचा भाव, बडनेऱ्याची गाडी वेळेवर आहे की नाही, कोणाच्या घरी काय झालं, आणि सगळ्यात खाली लोकांच्या हिताची एखादी सूचना. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला खडूशिवाय करमायचं कसं? आज मात्र हात वर जाईना. दवाखान्याच्या बाकावर बसून पाठ पार मोडली होती.

कापसाचा भाव कसाबसा लिहून झाला. मग त्यांनी लिहिलं, ‘काल सकाळी अंबापेठेत एका घरी स्टोव्ह भडकून सून भाजली.’ म्हणे एका घरी. घर त्यांचं होतं आणि भाजली ती त्यांची सून, चारुशीला.

“काय लिवलं मास्तर?”

फळ्याखालच्या ओट्यावर वलगावचा जानराव माळी शेवंतीचे हार करत बसे. त्याला अक्षर येत नव्हतं, पण गावची बातमी सगळ्यांच्या आधी हवी असायची. पंतांनी नेहमीसारखं वाचून दाखवलं. जानरावनं सुई खाली ठेवली.

“माया घरी बी परवा इष्टो आला. माही बायको पार्बताबाई त्याले भिऊन राहिली. म्हटलं, मास्तरले इचारतो. सांगा मले, त्या पोरीचं चुकलं काय?”

काय चुकलं? पंप जास्त मारू नये, पदर खोचून बसावं, पेटत्या स्टोव्हमध्ये तेल घालू नये, हे सगळं पंतांनीच या फळ्यावर कितीदा लिहिलेलं. चारुशीलेनं त्यातलं एकही मोडलं नव्हतं. सासऱ्याचा फळा म्हणजे तिला ब्रह्मवाक्य.

“तिचं काही चुकलं नाही,” पंत म्हणाले. “तेल भरताना थोडं फरशीवर सांडलं. तिनं त्यावर पाणी ओतलं. तेल पाण्यावरून सगळीकडे पसरलं, आणि काडी ओढल्याबरोबर जाळ तिच्या लुगड्याला आला.”

“पानी काहून ओतलं? पुसून नाई घ्याव? फडकं नोतं का घरात?”

“होतं,” पंत म्हणाले. “ओवळं होतं.”

जानरावला काय उमगलं कोण जाणे. त्यानं सुई पुन्हा उचलली.

पंतांच्या घरचा नैवेद्य सोवळ्यात व्हायचा. धुऊन उंच वळणीवर वाळवलेलं, कोणी न शिवलेलं लुगडं नेसायचं आणि मग कशालाही शिवायचं नाही. स्टोव्ह आणला तेव्हा तो सोवळ्यात चालवून घ्यायची तोड पंतांनीच काढली होती. पितळ हा धातू, त्याला विटाळ नाही. रॉकेल धरणीच्या पोटातलं, त्यालाही नाही. घोडं अडलं ते फडक्यापाशी. “मामंजी, स्टोव्हजवळ एक फडकं ठेवू का?” असं चारुशीलेनं विचारलं होतं, आणि पोथीतून मानही वर न करता ते म्हणाले होते, “सोवळ्यात चिंध्या नकोत. सांडलं तर पाणी ओतावं, पाण्यानं सगळं शुद्ध होतं.” एवढा फुसफुसणारा स्टोव्ह आत घेतला आणि वीतभर चिंधी बाहेर ठेवली. काय म्हणावं या शहाणपणाला.

आणि काल टांग्यात घालताना ती पोर काय म्हणाली, तर, “मामंजी, नैवेद्य राहिला.” तेव्हापासून पंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. जिवाला भय नाही, पण उजव्या हाताचं सांगवत नाही, असं डॉक्टर म्हणत होते.

पंतांनी खांद्यावरचं फडकं घेतलं. ‘एका घरी’ पुसून तिथे ‘मोरोपंत मास्तरांच्या घरी’ असं लिहिलं. खाली सूचना लिहिली: ‘रॉकेल सांडल्यास पाणी ओतू नये. आधी पुसावे. सोवळ्यात असले तरी मिळेल त्या फडक्याने पुसावे.’ दिवस मावळायच्या आत चार शास्त्री दारात येऊन बसतील हे त्यांना ठाऊक होतं. बसू देत.

त्यांनी पुन्हा सगळं वाचून दाखवलं. नाव ऐकून जानरावनं वर पाहिलं.

“तुमची सून हाय का ते, मास्तर?”

पंतांनी मान डोलावली.

“सांगतो घरी,” जानराव हळू म्हणाला.

पंत फडकं घेऊनच घरी आले. विहिरीवर ते दोनदा धुतलं, पिळलं, स्वयंपाकघरात नेलं आणि काठीनं वर चढवून सोवळ्याच्या लुगड्यांशेजारी वळणीवर पसरलं. खडूचे डाग तेवढे गेले नव्हते.

पंतांच्या पत्नी सत्यभामाबाई फरशीवरची काजळी खरवडत होत्या. काल अंथरुणातली ओवळी गोधडी ओढून सुनेवर टाकली ती त्यांनी. पंत तेव्हा उंबऱ्याबाहेर पारोशे उभे होते, आणि आत पाऊल टाकावं की नाही एवढंच त्यांना सुचत नव्हतं.

बाईंनी वळणीकडे पाहिलं. नवऱ्याकडेही पाहिलं. आता या विचारतील, हा काय भ्रष्टाकार, आणि आपण सांगू, असं पंतांनी वाटेत ठरवून ठेवलं होतं.

सत्यभामाबाईंनी काठीला हात लावला नाही. पाट ओढला, त्यावर चढल्या, हातानंच फडकं खाली ओढलं आणि आणून स्टोव्हच्या कडेला ठेवलं.

“तिथे वर कशाला घातलंत?” त्या म्हणाल्या. “तेल खाली सांडतं.”