समुद्रातल्या जंतूची जात

सकाळपासून अश्वजितचा पाय घरात ठरत नव्हता. समुद्राच्या पाण्यातून त्याने वेगळा काढलेला जंतू नवा निघतो की ओळखीचाच, हे आज प्रयोगशाळेतून कळणार होतं. अड्याळ गावातल्या घराच्या अंगणात तो मोबाइल हातात घेऊन येरझारा घालत होता. आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिला समजावं म्हणून तो प्रजातीला सरळ जातच म्हणायचा.

फोन आला, आणि तो ओरडलाच. "माय, थो कोनत्याच जातीत बसत नाही!"

"मंग आता?"

"आता त्याची जात मीच ठरवणार! मी देईन तेच नाव साऱ्या जगात चालन."

आईचे हात सुपातच थांबले.

"कायले ठरवून राहिला रे बापा? एक तरी सुटला हाय, राहू दे ना तसाच."