रोटीवरची अक्षरं

समरकंदात मी रोटीवर टोचायचे लाकडी ठसे बनवतो. तंदूरवाल्या बायका नक्षी मागतात, फार तर फोन नंबर. ओयदिनआपाला मात्र दोनच शब्द हवे होते: 'घरी ये'.

"माझा मुलगा जावलोन मॉस्कोला निघाला तेव्हा रीतीप्रमाणे रोटीचा एक घास खाऊन गेला. उरलेली परत येऊन संपवायची, म्हणून भिंतीवर टांगलीय. ती तशीच आहे," आपा म्हणाली. "फोनवर माझं रडं सुरू झालं की त्याची रेंज जाते. उस्ता, तुम्ही कसबी कारागीर, अक्षरं अशी काढा की पोराच्या घशाखाली घास उतरू नये."

मी जीव ओतून वळणदार अक्षरं काढली, त्यांच्या रेघांवर एकेक करून खिळे बसवले. मग मॉस्कोला जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत आपाच्या रोट्या जाऊ लागल्या.

काल आपा आली आणि तिने फोन माझ्यापुढे धरला. जावलोनने लिहिलं होतं, "आई, तुझी अक्षरं इथे सगळ्यांना जाम आवडली! उस्तांना माझा सलाम सांग." खाली फोटो होता.

 

मॉस्कोत त्याने स्वतःची बेकरी टाकली होती, दारात गिऱ्हाइकांची रांग होती, आणि वर पाटीवर माझ्याच वळणात दुकानाचं नाव झळकत होतं: 'घरी ये'.