भीमेकाठचा समन्वय

पंपाचं तोंड खाली राहिलं, नळाचं वर. मधे अर्धी वीत अंतर. दौंडजवळ भीमेच्या काठावरची सगळी माणसं ओव्हरसियर दानिएल साळव्यांकडे बघू लागली, आणि साळवे हातातल्या तक्त्याकडे. तक्त्यात दोन्ही तोंडं बरोबर जुळलेली होती.

उद्या सकाळी दहाला मोठे साहेब पंप सुरू करायला येणार होते. पाणी चढलं तर साळव्यांची नोकरी कायम. नाहीतर शिरूरला परत, मिशनच्या शाळेत गणित शिकवायला.

दुसरी पंचवार्षिक योजना संपत आली होती. घाई सगळ्यांनाच होती. पण घाईलाही पद्धत हवी, हे साळवे पुण्याहून तीन आठवड्यांत शिकून आले होते. गवंडी, नळवाले, पंपवाले अशा तीन टोळ्या. एकीनं दुसरीशी बोलायचं नाही. माप बदललं तर साळवेसाहेबांना चिठ्ठी द्यायची. साहेब ती चार रंगांत तक्त्यावर चढवून पुढे धाडणार. चिठ्ठ्या भरपूर आल्या. चढायच्या तेवढ्या राहिल्या. टोळ्यांना पाणी पाजता पाजता इकडचं तिकडं सांगणाऱ्या तानुबाईला तर त्यांनी पहिल्याच दिवशी काढलं होतं. कारण लिहिलं होतं : ‘अनावश्यक बोलणे’.

हौशीराम मिस्त्री घसा खाकरून म्हणाले, आता तानुबाईलाच आणायला हवी. पण बाई मानी. साहेब स्वतः गेल्याशिवाय यायची नाही.

साळवे सायकल हाणत वस्तीवर गेले. तानुबाईनं घोंगडी टाकली, चहा ठेवला. शिरूरच्या आईची तब्येत विचारली, मग मावशीची, मग मावशीच्या शेळीची. चहा संपला तशी तिनं पुन्हा आधण ठेवलं. साळव्यांचा धीर सुटला.

"तानुबाई, माझं चुकलं. कामावर चला. हवं तेवढं बोला."

"कालच बोलले की," तानुबाई चुलीत फुंकर घालत म्हणाली. "बाजारात तिन्ही टोळ्या भेटल्या. अंतर पडतंय ते समद्यांना ठावं हुतं. चिठ्ठी बी दिली व्हती म्हनं तुम्हाला. पंपाखाली रेल्वेच्या रुळाखालचा जुना लाकडी स्लीपर सरकवला की तोंडं जुळत्यात. आता तेच चाललं आसंल."

साळवे उठलेच. "मग मला इथं कशाला पाठवलं?"

"बसा साहेब." तिनं दुसरी कपबशी पुढं केली. "काम उरकस्तवर तुम्हाला हितं धरून ठिवायचं, एवढंच माज्या वाट्याला आलंय."